काल्टलायची तोडणी

वाइडेनलाय, मोझेल
१८ ऑक्टोबर १९७८

प्रिय लिओबा,

फोन करत नाही, कारण फोन बाबांच्या खुर्चीला लागून आहे, आणि बाबा हल्ली दिवसभर त्या खुर्चीतून हलत नाहीत. खिडकीतून काल्टलायचा उतार बघत बसतात. बघून द्राक्षं पिकत असती तर यंदा अख्ख्या मोझेलमध्ये आपलीच आधी पिकली असती.

गावात तोडणी उरकत आलीय. क्लेमेन्सची तर कधीच झाली. त्याचं सगळं म्यूलर-थुर्गाऊ जातीचं, ते लवकर पिकतं, आणि तो ते मला रोज ऐकवतो. काल फाटकात उभा राहून म्हणाला, “काय गं हिल्डे, नाताळच्या झाडाला टांगायला ठेवलेत का घड?” मी हसले. काय करणार? शेजारी आहे. घरात येऊन बाबांना विचारलं, कधी तोडायचं? “अजून नाही.” मग कधी? “सांगेन.” कशावरून ठरवणार? “कळेल.”

आपल्या रीसलिंगला वेळ लागतो, मान्य. काल्टलायवरून ऊन दुपारीच निघून जातं, तिथं तर आणखीच लागतो. हे मला कुणी शिकवायला नको, शाळा सुटल्यापासून मी त्या उतारावर राबतेय. पण दरवर्षी बाबा वर जायचे, एक मणी तोंडात टाकायचे, बी दातांनी फोडायचे आणि तिथल्या तिथं सांगायचे, गुरुवारी. की गुरुवार म्हणजे गुरुवार. यंदा वर जातात, मणी तोंडात टाकतात, बराच वेळ चघळत उभे राहतात, थुंकतात आणि गप खाली येतात. विचारलं की खेकसतात. मी साखर मोजायची नळी आणली, तर म्हणे, “ते खेळणं क्लेमेन्सला दे.”

उन्हाळ्यात वरच्या बांधावरून घसरून पडले तेव्हापासून स्वभाव जास्तच वाकडा झालाय. डोक्याला मागं हे एवढं टेंगूळ आलं होतं. डॉक्टरचं नाव काढलं तर टोपी घालून बाहेर निघून गेले.

तू त्यांना लिही. तुझं ऐकतात. माझं म्हणणं म्हणजे त्यांना रस गाळायच्या प्रेसची करकर वाटते, चालायचीच.

तुझी,
हिल्डे

*

कील
२३ ऑक्टोबर १९७८

प्रिय हिल्डे,

टेंगूळ? कुठलं टेंगूळ? बाप डोक्यावर पडतो आणि ते मला दोन महिन्यांनी कळतं, तेही द्राक्षांच्या तक्रारीत तोंडी लावल्यासारखं! मी हॉस्पिटलात नोकरी करते हे तुम्हा दोघांना आठवतं तरी का? बेशुद्ध झाले होते का? उलटी झाली होती का? नीट लिही.

बाबांना लिहिलं होतं. त्यांचं कार्ड आलं. पूर्ण मजकूर असा: “हवा ठीक. हिल्डेला घाई आहे. बाबा.” तीन वाक्यं, त्यात एक हवेवर.

आता तुला सांगते, राग धरू नकोस. बाबा आयुष्यभर थांबलेत आणि थांबून त्यांचं फारसं चुकलेलं नाही. तुला क्लेमेन्सचं बोलणं लागतं म्हणून तू घाई करतेस. त्याला म्हणावं, तुझं म्यूलर लवकर पिकतं आणि लवकर विसरलंही जातं.

जेवतात ना नीट?

लिओबा

*

वाइडेनलाय
२७ ऑक्टोबर १९७८

प्रिय लिओबा,

जेवतात! जेवणाचंच सांगते आता.

पण आधी तुझं उत्तर. बेशुद्ध होते की नाही मला माहीत नाही, मी खालच्या ओळीत होते. मी वर गेले तेव्हा बाबा बांधाला टेकून बसले होते आणि मला म्हणाले, “बघतेस काय, कात्री शोध.” उलटी नाही. झालं?

आता पुढचं. आठवडाभर पाऊस आणि धुकं. खालच्या ओळींत सड शिरलीय. मैनांचे थवे वरून उतरतात, मी डबे वाजवत फिरते. बुधवारी मीच तोडणीच्या बायकांना बोलावलं. टेक्लाबाई सगळ्यांना घेऊन भल्या सकाळी आल्या, टोपल्या, कात्र्या, गमबूट, सगळी तयारी. बाबा दारात उभे. “कोणी बोलावलं?” टेक्लाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. बाबा म्हणाले, “कॉफी प्या आणि घरी जा.” त्या प्यायल्या आणि गेल्या. लिओबा, मी त्रेचाळीस वर्षांची आहे. त्या बायकांसमोर मला सातवीतली पोर करून टाकलं.

त्याच दिवशी मसुराचं सूप जळलं. मी मैनांमागं धावत होते आणि इकडं भांडं बुडाशी कोळसा. वास अंगणापर्यंत. मला एक चमचा गिळवेना. बाबांनी दोन ताटल्या संपवल्या. एक शब्द नाही, तोंड वाकडं नाही. बघ कशी मुकाट्यानं खातोय तुझं जळकं, असा टोमणा होता तो. मला कळत नाही का?

आणि काल क्लेमेन्स त्याचा फसफसता नवा रस घेऊन आला. झाकण काढलं मात्र, सडक्या अंड्यांचा भपका! काहीतरी बिघडलंय त्याच्या पिंपात. बाबांनी दोन घोट घेतले, मान हलवली आणि म्हणाले, “छान झालाय.” क्लेमेन्स फुगून टम्म. त्याच्या घाणीला छान, आणि मी काही केलं की खेकसणं.

मी कंटाळलेय. खरंच सांगते. बाग क्लेमेन्सला देऊन टाका आणि मला ट्रियरला कुठंतरी दुकानात लावा.

हिल्डे

*

कील
२८ ऑक्टोबर १९७८

हिल्डे,

खाली बस आणि मग वाच.

जळकं सूप टोमणा म्हणून खाल्लं नाही त्यांनी. अंड्यांचा भपका आला तरी क्लेमेन्सचं मन राखलं, असंही नाही. बाबा कधी कुणाचं मन राखतात? आईनं केलेल्या केकलासुद्धा कोरडा झालाय म्हणायचे, तेही वाढदिवसाला.

मला वाटतं त्यांना वास येत नाही. डोक्याला मागून मार लागला की कधी कधी असं होतं. आमच्या वॉर्डात एक गवंडी होता, शिडीवरून पडलेला. बाकी सगळा बरा झाला, नाक गेलं ते गेलंच. गोड, आंबट, खारट एवढं जिभेला कळायचं. बाकीची चव सगळी नाकाची असते गं. जेवण म्हणजे पुठ्ठा चघळतोय, म्हणायचा.

आता तूच सांग, रोज वर जाऊन मणी चघळत उभा राहणारा माणूस काय शोधत असेल?

मी चुकतही असेन. खात्री करून घे. पण फटकन तोंडावर बोलू नकोस, आणि मी सांगितलं असं तर मुळीच सांगू नकोस. आणि टेक्लाबाईंना नको, क्लेमेन्सला तर नकोच नको.

तोडणीचं तू बघ. तुला तोंड आहे, नाक आहे. मला कीलमधून द्राक्षं चाखता येत नाहीत.

लिओबा

*

वाइडेनलाय
३ नोव्हेंबर १९७८

प्रिय लिओबा,

तुझं बरोबर होतं आणि त्याचा मला भयंकर राग आलाय. तुझा नाही. तुझाही थोडा.

खात्री कशी केली सांगू? आईच्या अत्तराची जुनी बाटली कपाटात होती. तिचे शेवटचे थेंब त्यांच्या उशीवर ओतले. खोली नुसती घमघमत होती, मला दारात उभं राहवेना. आईच आत आहे असं वाटत होतं. सकाळी उठून आले आणि म्हणाले, “कॉफी कुठाय?” मी भांडी घासायच्या जागेत जाऊन रडले. मग डोळे पुसले आणि मला संताप आला. सगळं पीक सडू देतील पण पोरीला सांगणार नाहीत!

तू फटकन बोलू नको म्हणालीस. मी परवा सर्वसंतांच्या दिवशी दफनभूमीत, आईच्या थडग्यापाशी फटकन बोलले.

“बाबा, तुम्हाला वास येत नाही.”

ते मेणबत्ती लावत होते. काडी विझली. दुसरी ओढली.

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते.”

“लिओबा म्हणत असेल. तुला कुठलं सुचायला एवढं.”

बघ! मी म्हटलं, ते जाऊ दे, खरं की खोटं? शेजारच्या थडग्यावर लोक होते, ते जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, “गोड कळतं मला. आंबट कळतं. पण गोड-आंबट लेमोनेडही असतं. पिकलेलं रीसलिंग कसं असतं ते डोक्यात आहे, तोंडात येत नाही. वाटतं, उद्या येईल. म्हणून थांबलो.”

“आणि तोवर घड सडले तरी चालतील?”

“नाक गेलेल्या द्राक्षवाल्याला कोण विचारतो गं?”

“मी विचारलं असतं.”

“तू?” म्हणाले. “तू विचारतेस कुठं, तू भांडतेस.” मग टोपी घातली. “आता कळलंय ना सगळं? मग तूच ठरव.” आणि मला मेणबत्त्यांसकट तिथं सोडून घरी निघून गेले.

काल सकाळी नळी घेऊन मी वर गेले. साखर जेमतेम. मग मणी तोंडात टाकला, डोळे मिटले, त्यांच्यासारखी उभी राहिले. आणि लिओबा, द्राक्षं हिरवी आहेत. म्हणजे रंगानं नाहीत, चवीनं. बी फोडलं तर कडू, कच्चं. वास म्हणशील तर सफरचंदाच्या कोवळ्या सालीचा, त्यापुढं काही नाही. पंधरा दिवस तोडा तोडा म्हणून घर डोक्यावर घेतलं मी, आणि आता माझंच तोंड मला थांब म्हणतंय. या आधी मी कधी नीट चाखलंच नव्हतं बहुतेक. बाबा चाखायचे, मी टोपली उचलायची.

खालच्या ओळींतले सडके घड काढून फेकतेय, म्हणजे वरचे वाचतील. दिवसभर वाकून कंबर गेलीय. वरच्या घडांना हात लावायचा नाही असं ठरवलंय. क्लेमेन्सला काय सांगू ते तू सांग.

हिल्डे

*

कील
१० नोव्हेंबर १९७८

हिल्डे,

आज बाबांचं पत्र आलं. कार्ड नव्हे, पत्र! दोन्ही बाजूंनी भरलेलं. त्यातलं उतरवून देते: “हिल्डेचं डोकं फिरलंय. तोडणी करत नाही. धुकं रोज दाट होतंय. विचारलं तर सांगते, अजून नाही. इतकी हट्टी पोर मी पाहिली नाही. तुझं ऐकते, तू समजाव.”

आता मी कुणाला समजावू? तीन आठवडे तुझी पत्रं वाचली की बाबा हट्टी, आता बाबांचं पत्र की हिल्डे हट्टी. माझा नवरा म्हणतो, एकदाच उत्तर लिहून दोन प्रती काढ. मला हसू आलं, मग त्याच्यावरही चिडले.

तुला एकच विचारते. थांबायचं ते पिकायला, की बाबांना दाखवून द्यायला? पहिलं असेल तर थांब. दुसरं असेल तर उद्या सकाळी तोड.

आणि त्यांना नाकाच्या डॉक्टरकडं ने. ओढत ने.

लिओबा

*

वाइडेनलाय
२० नोव्हेंबर १९७८

प्रिय लिओबा,

तुझ्या प्रश्नावर दोन दिवस जळत होते. मग कळलं की दोन्ही होतं. म्हणून रोज वर गेल्यावर स्वतःलाच म्हणायचे, बाबा इथं नाहीत, कुणी बघत नाही, आता सांग.

गेल्या आठवड्यात धुकं फाटलं. पूर्वेकडून कोरडा वारा सुटला, घड सुकले, दुपारी थोडं ऊन. मंगळवारी मणी तोंडात टाकला आणि मी तिथंच खाली बसले. बी सुक्या मेव्यासारखं कुडकन फुटलं. पिवळ्या पीचच्या सालीचा वास, आणि त्याच्या मागून ओल्या पाटीचा. शाळेत थुंकी लावून पाटी पुसायचो बघ, तसा. मी धावतच टेक्लाबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, “या वेळी कॉफीच आहे की कामही?”

दोन दिवस तोडलं. हात गारठून कात्री धरवेना, उतारावरच्या पाटीच्या दगडाचे तुकडे पायाखालून सरकत होते, एक पोरगी टोपलीसकट घसरली आणि सगळ्या हसत सुटल्या. बाबा वर आले नाहीत. खाली प्रेसपाशी हात पाठीमागं बांधून उभे. माझ्याशी बोलणं बंदच होतं. पहिला रस तोटीतून पडायला लागला तसं मात्र राहवेना.

“वास कसाय?”

“छान आहे.”

“छान म्हणजे काय? छान हवा असते. वास सांग.”

“पीचसारखा.”

“पिकलेल्या की कच्च्या? सालीचा की गराचा?”

“बाबा, मला दहा टोपल्या रिकाम्या करायच्यात.”

“टोपल्या थांबतील. सालीचा की गराचा?”

असं प्रत्येक टोपलीला! मी सांगायचं, त्यांनी चूक काढायची. ज्याला वास येत नाही तो मला सांगतोय की तुला वास नीट येत नाही. शेवटी मी ओरडले, “मग तुम्हीच घ्या ना वास!” प्रेसवरच्या सगळ्या वळून बघायला लागल्या. टेक्लाबाईंना त्याचा अर्थ कळला नाही, देवाची कृपा. बाबा वाकले, पेल्यात रस घेतला, नाकाशी धरला, खूप वेळ. मग पेला माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, “सांग ना.”

मी सांगितलं. सुचेल तसं सगळं सांगितलं. या वेळी चूक काढली नाही.

पीक कमी आलंय. खालच्या ओळी गेल्याच होत्या, मैनांनी खाल्लं ते वेगळं. लवकर तोडलं असतं तर जास्त मिळालं असतं, असं क्लेमेन्स म्हणतो. म्हणू दे.

डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, वाट बघा, पण फार आशा धरू नका. घरी येताना बसमध्ये बाबा म्हणाले, “एवढं सांगायला त्याला इतकं शिकावं लागलं.”

तुझी,
हिल्डे

*

कील
१२ मार्च १९७९

हिल्डे,

नाताळनंतर तुझी एक ओळ नाही. नववर्षाच्या त्या भयंकर गारठ्यात वेली वाचल्या का? वाइन कशी आहे? बाबा कसे आहेत? फोन केला की ते उचलतात, “सगळं ठीक” म्हणतात आणि ठेवून देतात. पुन्हा जर मला काही दोन महिन्यांनी कळलं, तर मी पहिल्या गाडीनं तिथं येईन आणि दोघांचे कान उपटीन.

लिओबा

*

वाइडेनलाय
१ एप्रिल १९७९

प्रिय लिओबा,

रागावू नकोस, छाटणीत बुडाले होते. रीसलिंग वाचलं. काड्या चिरून पाहिल्या, आत हिरव्या आहेत, डोळे शाबूत. क्लेमेन्सच्या म्यूलरचे निम्मे वेल काळे पडलेत. मी काही बोलले नाही. मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू, पण त्याचं तोंड बघून गप बसले. त्याला काड्या बांधायला दोन दिवस मदत केली.

आता खरी गोष्ट. परवा ट्रियरचे वाइनचे व्यापारी आले, गासेनसाहेब. दर वसंतात येतात. तळघरात बाबा पिंपातून पेला भरणार, नाकाशी नेणार आणि दोन वाक्यं बोलणार. गासेन त्या वाक्यांवरच माल उचलतात, स्वतः नावापुरता घोट घेतात. मी आणि बाबांनी ठरवलं होतं की आदल्या दिवशी मी चाखून त्यांना वाक्यं सांगायची आणि त्यांनी ती म्हणायची. पाठ करून घेतलं. बाबा नीट म्हणूनही दाखवत होते, मधे मधे माझे शब्द सुधारत होते.

गासेन आले. बाबांनी पेला भरला. नाकाशी नेला. मी पायरीवर उभी. आणि बाबांनी पेला खाली घेतला आणि म्हणाले, “गासेनसाहेब, मला ऑगस्टपासून वास येत नाही. ही तोडणी माझी नाही, हिची आहे. हिला विचारा.”

काय ते आधी सांगायचं की नाही माणसानं? केसांत जाळी, अंगाला मळलेला एप्रन, आणि गासेन माझ्याकडं वळून उभे. मी पेला घेतला. पाठ केलेलं एक वाक्य आठवेना. जे नाकात आलं ते बोलले. धारदार आहे म्हटलं, अजून कडक आहे, आंबटपणा पुढं पुढं करतोय, त्याच्यामागं पीच आहे पण तो आत्ता बाहेर यायचा नाही. उन्हाळ्यापर्यंत पिंपातच राहू दे. तेव्हा या.

गासेननी स्वतः घोट घेतला, या वेळी नावापुरता नाही. तोंडात फिरवला. म्हणाले, “जूनमध्ये येतो. दुसऱ्या कुणाला देऊ नका.” आणि निघाले.

बाबा माझ्यावर उखडले. “आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवतेस?” मी म्हटलं, “तुम्हीच म्हणालात ना हिला विचारा!” “विचारा म्हणालो, हाकला नाही म्हणालो!” तळघरातून स्वयंपाकघरापर्यंत भांडलो.

आणि गासेनना सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. त्यांचा ड्रायव्हर टेक्लाबाईंचा भाचा आहे. संध्याकाळपर्यंत रांग लागली. कुणी कांद्याचा रस, कुणी कापूर, कुणी कोमट तेल नाकात घालायला. सगळ्यांना सगळं माहीत. क्लेमेन्स परसातली, मोहरीसारखी नाकात चढणारी झणझणीत मुळी घेऊन आला, हाताएवढी, ताजी उपटलेली, माती झटकून. म्हणे त्याच्या आजोबांचं नाक यानं उघडलं होतं. मला वाटलं बाबा आता त्याला मुळीसकट बाहेर काढणार. पण क्लेमेन्सचं तोंड अजून त्या काळ्या वेलींसारखंच होतं. बाबांनी मुळी घेतली, म्हणाले, “बस. तूही घे.”

तो नको म्हणून पळाला. मी मुळी किसली, किसतानाच माझे डोळे भरले. बाबांनी पावाच्या तुकड्यावर ढीग घेतला आणि तोंडात टाकला. चावला. लाल झाले. डोळ्यांतून धारा लागल्या, गालांवरून हनुवटीवर, शर्टावर.

“काही येतंय?” मी विचारलं.

मान हलवली. नाही. आणि हसायला लागले. धारा थांबेनात, आणि हसणंही थांबेना, आणि त्यातलं किती मुळीमुळं होतं ते मला कळेना. विचारलंही नाही. नुसती बघत कशी बसणार? मीही पावाचा मोठा तुकडा घेतला, वर मुळीचा ढीग रचला, आणि त्यांच्यासमोर बसून खाल्ला.

तुझी,
हिल्डे